क्रांतिसिंह नाना पाटील

दरवर्षी १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो. पण आपल्या सातारा-सांगलीकडील कित्येक गावांनी स्वराज्य त्याआधीच चालवून पाहिले होते. येडेमच्छिंद्रच्या नानांचा जन्म १९०० चा. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. बेचाळीसनंतर भूमिगत राहून ते प्रतिसरकारचे प्राण बनले. गावोगावी न्यायदान मंडळे उभी राहिली, सावकार-दरोडेखोरांना जरब बसली, कर्जबाजारी करणाऱ्या लग्नांऐवजी साधे गांधीविवाह लागू लागले. आपण मात्र पत्री मारल्याच्या गोष्टीच चवीने सांगतो! स्वातंत्र्यानंतर नाना सत्तेच्या पक्षात रमले नाहीत. शेतकरी-कामगारांची बाजू घेऊन १९५७ साली ते साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते वारले. अंत्यसंस्कार त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात झाले.