ययातीच्या ताऱ्याचा पहारेकरी

डिसेंबरात रात्रीची जेवणे आटोपली की मी गच्चीवर जातो. शर्मिष्ठेच्या शेजारी, जवळजवळ डोक्यावर, ययाती आलेला असतो. त्यातला एरवी ठळक दिसणारा अल्गोल तारा एखाद्या रात्री मलूल दिसतो आणि मला हटकून जॉन गुडरिक आठवतो.

गुडरिकचा जन्म १७६४ चा, हॉलंडमधल्या ग्रोनिंगनचा. घराणे मात्र इंग्रज. लहानपणीच त्याची ऐकण्याची शक्ती गेली. बहिऱ्या मुलाला शिकवून काय उपयोग, असे मानणारा तो काळ. पण आईवडिलांनी त्याला एडिंबरोला ब्रेडवुड यांच्या मूकबधिरांच्या शाळेत घातले. पुढे वॉरिंग्टनला त्याला गणिताची गोडी लागली. यॉर्कला घरी परतल्यावर आकाशाचा नाद असलेला एडवर्ड पिगट हा मित्र भेटला. मुलाच्या शिक्षणाची आशा न सोडणाऱ्या त्या आईवडिलांचे मला फार कौतुक वाटते.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री अल्गोल मंदावलेला पाहून अठरा वर्षांचा गुडरिक चकित झाला. हा तारा बदलतो हे पूर्वी काहींनी पाहिले होते. पण त्या बदलाला वेळापत्रक आहे, हे कुणी दाखवले नव्हते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करीत त्याने रात्रीमागून रात्री नोंदी ठेवल्या. हिशेब निघाला : सुमारे २ दिवस २० तास ४९ मिनिटे. एखादा काळोखा गोल ताऱ्याला ग्रहण लावत असेल किंवा ताऱ्यावर डाग असतील, असे दोन तर्क त्याने मांडले. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले.

तो तेवढ्यावर थांबला नाही. १७८४ मध्ये स्वरमंडळातला बीटा आणि वृषपर्व्यातला डेल्टा हे तारेही बदलतात, हे त्याने दाखवले. १६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य निवडले. चारच दिवसांनी तो गेला. वय अवघे एकवीस.

ग्रहणाचा तर्क खरा ठरायला १८८९ साल उजाडले. जर्मनीत फोगेलने वर्णपटाच्या साह्याने अल्गोल हे जोडतारे असल्याचे सिद्ध केले. मंद जोडीदार आड येतो तेव्हा सुमारे दहा तास हे ग्रहण चालते.

हे पाहायला दुर्बीण लागत नाही. या हिवाळ्यात मुलांना गच्चीवर न्या, वही-पेन्सिल द्या. गुडरिककडेही मुख्य साधन डोळ्यांचेच होते.