विज्ञानाच्या तासापलीकडचे फॅरेडे

चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केला. तो ज्यांचा, ते मायकेल फॅरेडे पुस्तकात दोन ओळींतच भेटले.

१७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना ते वाचून शिकले. सँडेमनियन या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतच सारा बर्नार्ड यांची ओळख झाली आणि १८२१ मध्ये विवाह. मूलबाळ नव्हते, भाचीवर त्यांनी लेकीसारखी माया केली.

१८३१ च्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या शोधाने कीर्ती पसरली, तरी उपासनेतला नेम सुटला नाही. १८४० मध्ये ते मंडळीचे वडील झाले. १८४४ मध्ये त्याच मंडळीने त्यांना काही काळ बाहेर काढले. एवढ्या नामवंताला पाठ फिरवणे सोपे होते. ते परत गेले आणि पदाविना साधे सभासद म्हणून राहिले. तब्बल सोळा वर्षांनी त्यांना पुन्हा वडील नेमले गेले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद मात्र त्यांनी नाकारले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी ते गेले. सारा अखेरपर्यंत सोबत होत्या.

रुसवे विसरून आज पुन्हा एकत्र बसताना, मित्रहो, त्यांची आठवण ठेवू या.