४२.३४ मीटरवरची मुलगी

अँटेना आणि वेव्ह प्रोपॅगेशन शिकताना आपण सगळ्यांनी एक गणित केलेलं असतं. प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी, की आली फ्रीक्वेन्सी. दोन मार्क मिळतात आणि विषय संपतो. मित्रांनो, आज मी तुम्हाला एक तरंगलांबी देते जी कुठल्याच पेपरला येत नाही : ४२.३४ मीटर. गणित केलंत तर साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ येईल, म्हणजे आज हॅम रेडिओवाले वापरतात त्या ४० मीटर बँडमध्ये. १९४२ साली याच जागी एक रेडिओ स्टेशन बोलत होतं. त्याला लायसन्स नव्हतं आणि पत्ताही नव्हता. आपण भारतात कुठून तरी बोलतोय, एवढंच ते ऐकणाऱ्यांना सांगायचं. त्यावर बोलणारी मुलगी होती २२ वर्षांची. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलींपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी!

तिचं नाव उषा मेहता. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा सिनेमा आला, त्यामुळे नाव ऐकलेलं असेल. पण सिनेमा दोन तासांचा असतो आणि आयुष्य ८० वर्षांचं.

उषाचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. त्यामुळे घरातून चळवळीत जायची परवानगी मिळणं कठीणच. तरी १९२८ मध्ये, आठ वर्षांची असताना, ती सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात सामील झाली. एकदा लाठीमारात झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मग मुलांनी काय करावं? झेंड्याच्या रंगांचे कपडेच शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर आली. आता झेंडा हातातून पडायचा प्रश्नच उरला नाही!

१९३० मध्ये वडील निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कुटुंब मुंबईला आलं. उषाने विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला. तेवढ्यात ८ ऑगस्ट १९४२ उजाडला. गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आणि रेडिओ तर सरकारचाच. देशात काय चाललंय हे देशालाच कळेना. उषाने शिक्षण सोडलं. ती आणि तिचे मित्र यांना एकच मार्ग दिसला : आपला रेडिओ.

आता आपल्या विषयाचा भाग. शॉर्टवेव्हच का? मीडियमवेव्हला मोठा टॉवर आणि भरपूर पॉवर लागते. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आयनोस्फिअरवर आपटून परत खाली येतात, त्यामुळे छोटा ट्रान्समीटरही शेकडो किलोमीटर पोचू शकतो. ४२.३४ मीटरसाठी अर्ध्या लांबीची अँटेना म्हणजे साधारण २१ मीटर तार, गच्चीवर मावेल एवढी. पण एक अडचण आहे. जी लहर ऐकणाऱ्याकडे जाते तीच पोलिसांकडेही जाते. जितका वेळ बोलाल तितका वेळ तुमची दिशा शोधता येते.

ट्रान्समीटर बांधला नरिमन प्रिंटर यांनी. हे हौशी रेडिओवाले होते, पण युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी लोकांची लायसन्स बंद केली होती. सामान आणि तांत्रिक मदत पुरवली शिकागो रेडिओच्या नानक मोटवानी यांनी. काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी, सिंधमधून मुंबईला आलेल्या कुटुंबाची. प्रोजेक्टचं सामान आणायला आपण उल्हासनगरला जातो. युद्धाच्या त्या दिवसांत तिथे कल्याणचा मिलिटरी कॅम्प होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आपल्या सिंधी मित्रांपैकी कितीजणांना मोटवानींचं हे काम माहीत असेल?

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ सुरू झाला. सुरुवातीला ‘हिंदुस्तान हमारा’ची रेकॉर्ड लागायची आणि शेवटी ‘वंदे मातरम्’ची. मधे हिंदुस्तानी आणि इंग्रजीत बातम्या आणि भाषणं. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरला झालेले अत्याचार, अशा पेपरात न येणाऱ्या गोष्टी इथे यायच्या. पुढे राम मनोहर लोहियाही या कामात आले. पकडले जाऊ नये म्हणून जागा सारख्या बदलायच्या. आज चौपाटीजवळ, तर काही दिवसांनी भलतीकडेच. पैशांसाठी एका नातेवाईक बाईंनी दागिने देऊ केले, पण उषाने ते घेतले नाहीत.

१२ नोव्हेंबरला सगळं संपलं. गंमत म्हणजे हरवलं ते दिशा शोधणाऱ्या यंत्राने नाही. ट्रान्समीटर बांधणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने जागा दाखवली. त्या दिवशी आधी सहकारी बाबूभाई खाखर यांच्या ऑफिसवर छापा पडला. उषा तिथून महत्त्वाचे कागद घेऊन निसटली. घरी जाऊन लपता आलं असतं. तरीही ती चंद्रकांत झवेरींबरोबर गिरगावातल्या पारेखवाडीत गेली आणि त्या संध्याकाळचा कार्यक्रम लावला. ‘वंदे मातरम्’ चालू असतानाच दार फोडून पोलीस आत शिरले. रेकॉर्ड थांबवायचा हुकूम झाला. यांनी थांबवली नाही.

इथे मला राहून राहून एक गोष्ट टोचते. ट्रान्समीटर बांधणारा आणि धरून देणारा माणूस एकच. सर्किट त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत असणार. म्हणजे इंजिनिअरिंग येणं आणि वेळ आल्यावर उभं राहणं हे दोन वेगळे विषय आहेत, आणि दुसऱ्याचा सिलॅबस कुठेच छापलेला नाही. त्याच्या जागी मी असते तर? खरं सांगू, मला उत्तर माहीत नाही.

पुढचे सहा महिने चौकशीचे. एकटीला कोंडून ठेवलं. परदेशी शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं (आपल्यापैकी कितीजण जीआरई देतोय, विचार करा!). उषा गप्प. खटल्याच्या वेळी तिने न्यायाधीशांना फक्त विचारलं, की उत्तर देणं सक्तीचं आहे का. नाही म्हटल्यावर तिने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, स्वतःला वाचवणाऱ्या प्रश्नालासुद्धा. पाचजणांवरच्या खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षं, उषाला चार आणि चंद्रकांतना एक वर्ष शिक्षा झाली. मोटवानी आणि विठ्ठलदास झवेरी सुटले.

येरवड्याहून ती १९४६ मध्ये बाहेर आली ती तब्येत ढासळलेली घेऊनच. ज्या दिवसासाठी हे सगळं केलं त्या १५ ऑगस्ट १९४७ च्या समारंभालाही आजारपणामुळे तिला जाता आलं नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

पण उषाबेननी (आता त्यांना असंच म्हणायला हवं) ना निवडणूक लढवली, ना तुरुंगवासाच्या जोरावर काही मागितलं. त्यांनी सोडलेला अभ्यास पुन्हा हातात घेतला. गांधीजींच्या विचारांवर मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. केली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच ३० वर्षं शिकवलं आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. खादीची साडी, साधी राहणी, मणिभवनचं काम. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं, तरी राहणी तीच. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या ९ तारखेच्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या. दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्या गेल्या.

काँग्रेस रेडिओ चालला तो जेमतेम अडीच महिने. एका सेमिस्टरपेक्षाही कमी! आपल्याकडे आज प्रत्येकाच्या खिशात त्या ट्रान्समीटरहून कितीतरी ताकदवान यंत्र आहे, आणि ते चालवायला जागा बदलत पळावं लागत नाही. अंबरनाथ-बदलापूरची संध्याकाळची लोकल पकडून हॉस्टेलला परतताना आपण त्यावर काय ऐकतो, काय फॉरवर्ड करतो, आणि कशाबद्दल मुद्दाम गप्प बसतो? लॅबमध्ये पुढच्या वेळी ७ मेगाहर्ट्‌झवर ऑसिलेटर लावाल तेव्हा मिनिटभर थांबा आणि त्या मुलीची आठवण काढा. व्हायवात कुणी विचारणार नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.