हेल्मेटच्या आधीचा शॉर्ट लेग

एकनाथ सोलकर यांचा जन्म १८ मार्च १९४८ चा. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करत आणि मोठे कुटुंब तिथल्याच एका खोलीत राहत असे. मोठ्यांच्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलत हा मुलगा क्रिकेट शिकला आणि १९६९ मध्ये कसोटी संघात पोहोचला.

बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकटराघवन गोलंदाजी करत तेव्हा सोलकर फलंदाजापासून दोन-तीन मीटरवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहत. डोक्यावर हेल्मेट नसे. चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा. ताशी १०० किलोमीटर वेगाने फटका बसला, तर तीन मीटर अंतर तो सेकंदाच्या नवव्या भागात कापतो. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सोलकर मात्र चेंडूवरची नजर हटू देत नसत. १९७१ मध्ये ओव्हलवर त्यांनी झेपावून ॲलन नॉटचा झेल घेतला आणि भारताने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळवला. २७ कसोटींत त्यांचे ५३ झेल आहेत.

धोका तेव्हाही माहीत होता. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये चेंडू लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली होती. पण हेल्मेट रुळायला आणखी वेळ लागला. सोलकर शेवटची कसोटी जानेवारी १९७७ मध्ये खेळले. कसोटीत हेल्मेट पहिल्यांदा दिसले मार्च १९७८ मध्ये, ग्रॅहम यॅलपच्या डोक्यावर.

हेल्मेटचे कठीण कवच आघात मोठ्या भागावर पसरवते. आतला फोम दबतो, त्यामुळे चेंडू थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि कवटीवरचा जोर घटतो. घाम शोषणारे अस्तर आणि हवेची छिद्रे ही चैन नव्हे. उकडले की खेळाडू हेल्मेट काढून ठेवतो. मात्र कवटी वाचली तरी आत मेंदू हिंदकळू शकतो.

सोलकर सहीसलामत निवृत्त झाले. २६ जून २००५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. प्रत्येकाला असे नशीब लाभत नाही. १९९८ मध्ये ढाक्यात षटकाचे मोजकेच चेंडू उरले म्हणून हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला थांबलेले रमण लांबा डोक्याला मार लागून तीन दिवसांत गेले.

खारदांड्याच्या गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी मुले एक दिवस सीझन बॉल हातात घेतात. त्यांनी सोलकरांची नजर घ्यावी, उघडे डोके नव्हे. शॉर्ट लेगला जाळीचे हेल्मेट, ॲब्डॉमिनल गार्ड आणि नडगीचे पॅड एका चेंडूसाठीही हवेत. जोरदार मार बसलेले हेल्मेट बदलावे. डोक्याला चेंडू लागल्यावर डोके दुखले, गरगरले किंवा उलटी झाली, तर खेळ थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.