टॉमस ॲडिसन

मनुष्य दिवसभर राबला म्हणजे थकतो आणि रात्रीची झोप झाली की पुन्हा ताजातवाना होतो. परंतु ज्या थकव्यावर झोपेचा वा अन्नाचा काहीच उपाय चालत नाही, तो येतो तरी कोठून? अशा एका थकव्याचे मूळ ज्यांनी शोधून काढले, ते टॉमस ॲडिसन होत. विजेच्या दिव्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते एडिसन निराळे. नामसादृश्यामुळे मुलांचा येथे हटकून घोटाळा होतो.

ॲडिसन यांचा जन्म इ. स. १७९३ मध्ये उत्तर इंग्लंडात न्यूकॅसलनजीक लाँग बेंटन या गावी झाला. वडील किराणा माल व पीठ विकीत. मुलाने लॅटिन भाषा इतकी आत्मसात केली होती की, गुरुजींच्या व्याख्यानांची टिपणे तो त्याच भाषेत घेई. १८१५ साली एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते लंडनला आले आणि तेथील गाइज रुग्णालयात त्यांचे सारे आयुष्य गेले. स्वभावाने ते अत्यंत लाजाळू. अपरिचितांना मात्र ते गर्विष्ठ वाटत. रोगाचे कारण सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

रुग्णालयात काही विलक्षण रोगी येत. ते दिवसेंदिवस क्षीण होत, अन्नावरची वासना उडे, ओकाऱ्या होत, नाडी मंद लागे. आणखी एक नवल म्हणजे त्यांची कातडी काळवंडून काशाच्या रंगाची होई. औषधांचा गुण न येता ते मरण पावत. मरणोत्तर तपासणीत हृदय, फुप्फुसे, यकृत यांत या साऱ्याचे कारण सापडेना. अखेर ॲडिसन यांची दृष्टी दोन चिमुकल्या ग्रंथींवर गेली. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या अधिवृक्क ग्रंथी वजनाला जेमतेम चार-पाच ग्रॅम भरतात. त्यांचे कार्य काय, हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. या रोग्यांत त्या बहुधा क्षयाने पोखरलेल्या आढळल्या.

१८५५ साली त्यांनी अकरा रोग्यांची हकिगत रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. एवढ्याशा ग्रंथीवर माणसाचे प्राण अवलंबून असावेत, हे अनेक वैद्यांना पटेना. एडिंबरोच्या काहींनी तर हा रोगच नाकारला. पॅरिसचे विख्यात वैद्य त्रूसो यांनी मात्र त्या रोगास ॲडिसन यांचेच नाव दिले. पुढल्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून, या ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाही, असे दाखविले.

रोग ओळखता आला, पण तो बरा करण्याचे साधन ॲडिसन यांच्या हाती नव्हते. उत्तरायुष्यात खिन्नतेच्या विकाराने त्यांना स्वतःलाच ग्रासले. १८६० च्या आरंभी त्यांनी अध्यापन सोडले आणि त्याच वर्षी २९ जून रोजी ब्रायटन येथे त्यांचा अंत झाला. लॅनरकॉस्टच्या जुन्या मठाच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

अलीकडे कोणत्याही शिणवट्यास या ग्रंथी दमल्या असे म्हणण्याची टूम निघाली आहे. वैद्यकशास्त्र ती मानीत नाही. ॲडिसन यांनी पाहिलेल्या ग्रंथी दमलेल्या नव्हत्या, नासून गेलेल्या होत्या. त्यांच्या बाहेरच्या थरातून रक्तात जी द्रव्ये मिसळतात, त्यांच्या संशोधनाबद्दल केंडल, राइखश्टाइन व हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तीच द्रव्ये आज गोळ्यांच्या रूपाने मिळतात. ॲडिसन यांच्या रोग्यांना जो आजार हटकून मृत्यूकडे नेई, तोच जडलेली माणसे आता रोज या गोळ्या घेऊन शाळेत, शेतावर, कचेरीत आपापली कामे करीत असतात.