गोणपाटावरचा विद्यार्थी आणि आजचे दिव्यांग मूल

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. नाव पटावर चढले, पण भिवाला वर्गातली जागा मिळाली नाही. तो इतरांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसे आणि संध्याकाळी ते घेऊन घरी जाई. नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर दिवसभर तहान. सरकारी कागदावर मात्र त्याचे शिक्षण व्यवस्थित चालू होते! प्रवेश देणे आणि समानतेने शिकवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा बाबासाहेबांना वयाच्या दहाव्या वर्षाच्या आत मिळाला.

मुंबईच्या शाळेतही तेच झाले. संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर केला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडन, डॉक्टरेट, बॅरिस्टरी, हा प्रवास चळवळीतल्या प्रत्येक घराला पाठ आहे. पण त्या पदव्या घेऊन परतलेल्या माणसाने विद्यार्थ्यांसाठी काय केले, इकडे आपले लक्ष कमी जाते.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह निघाले. शाळेचे दार उघडून भागत नाही, त्या दारापर्यंत पोचायचे साधनही द्यावे लागते, हे त्यामागचे तत्त्व होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळी लवकर वर्ग भरत. विद्यार्थी वेळेला येऊ शकत नसेल तर वेळच त्याच्यासाठी बदलायची. आजचा कायदा यालाच वाजवी सुविधा म्हणतो.

पुढे राज्यघटना झाली. तिच्या कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि सरकारी मदत यांचा विचार करताना विकलांगतेचा स्पष्ट उल्लेख आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. पण बीज तिथेच आहे. त्याला कायद्याचे रूप यायला १९९५ साल उजाडले आणि २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला.

१९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, तो वेगळा झाला १९९९ साली. मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांचे शरीर तेव्हा पोखरले होते, चालायला आधार लागू लागला होता. मतदारसंघ द्विसदस्य, प्रत्येकाला दोन मते. आपल्या मतदारांना दुसरे मत वाया घालवायला सांगा, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला. त्यांनी तो साफ नाकारला. ते हरले, पण कायद्याशी तडजोड केली नाही. दोनच वर्षांनी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ज्या मातीत बाबासाहेब हरले, त्या मातीतल्या आपल्या लेकरांचे काय? पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींत आणि अनुसूचित जातींत मोठ्या प्रमाणावर आहे. गोंदिया, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इथल्या पालकांना हे वेगळे सांगायला नको. २०१६ च्या कायद्याने मानलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेल आहे. या मुलाला वारंवार पाणी प्यावे लागते, लघवीला जावे लागते, दुखण्याचा झटका आला की शाळा बुडते. त्याला वर्गात पाणी पिऊ न देणे, गैरहजेरीवरून नापास करण्याची धमकी देणे, हे साताऱ्याचे गोणपाट नव्याने अंथरणे नव्हे काय?

कायदा काय सांगतो, ते नीट समजून घ्या. कलम १६ प्रमाणे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश दिला पाहिजे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय केली पाहिजे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयात सूट यांची तरतूद आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. पसंती मुलाची, मुख्याध्यापकाची नव्हे! कलम ३२ प्रमाणे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. आणि ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून वाजवी सुविधा नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले. २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाणही ठरवून दिले.

तोंडी विनवण्या करून काही मिळत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण वर्गणी गोळा करतो, ती जरूर करावी. पण प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक दिवस चार शिकलेल्या तरुणांनी बसून वस्तीतल्या दिव्यांग मुलांचे अर्ज भरून द्यावेत. बाबासाहेबांनी गोणपाटावर बसून शिक्षण घेतले ते आपल्या मुलांना गोणपाट मिळावे म्हणून नव्हे.