सूतिकागृहातील अंधार आणि डॉ. आनंदीबाई जोशी

एकोणिसाव्या शतकात बाळंतिणीची खोली म्हणजे बहुधा घरातील सर्वांत अंधारी खोली असे. तेरेखोल खाडीकाठचे आरोंदा तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. येथे काय किंवा कल्याण-पुण्याकडे काय, सुईणीचा अनुभव हाच बाळंतिणीचा मुख्य आधार. प्रसूती अडली अथवा सूतिकाज्वर चढला, तर देवावर भार टाकण्यापलीकडे फारसे काही हाती नसे. डॉक्टर असलाच तर तो पुरुष, आणि त्याच्यापुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा ते सोसणे स्त्रियांना बरे वाटे. या अवस्थेची झळ स्वतः सोसून तिच्यावर उपाय शोधावयास निघालेली स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही यमुना. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळराव वयाने बरेच मोठे, स्वभावाने हट्टी व तापट. परंतु पत्नीस शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता. त्यापायी त्यांनी तिला कठोर वागणूकही दिली, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. दहा दिवसांतच ते बाळ गेले. त्या काळी अशी दुःखे घरोघरी होती. एखादी माता रडून पुन्हा संसारास लागली असती. आनंदीबाईंच्या मनात मात्र एक निश्चय रुजला. आपल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, आणि ती आपणच व्हावे.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असा प्रवास घडला. शिकणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर टोमणे ऐकावे लागत, ते त्यांनी ऐकले. अमेरिकेतील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी पत्रांतून स्नेह जडला. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी परदेशगमनाचा हेतू स्पष्ट केला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्या भाषणाचा आशय होता. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाई, त्या काळी अठरा वर्षांची ही तरुणी एप्रिलमध्ये पतीविना जहाजावर चढली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. थंडी कडाक्याची आणि शाकाहारी स्त्रीला अन्न बेताचेच. प्रकृती खालावत गेली, पण अभ्यास थांबला नाही. पदवीसाठीच्या प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदातील गर्भिणी व बाळंतीण यांच्याविषयीचे ज्ञान त्यांनी पाश्चात्त्य विद्येसमोर मांडले. दहा दिवसांच्या बाळाची माताच हा विषय निवडते, यात फार मोठा अर्थ आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. हेच रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिला राजे यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ज्या गावात टोमणे ऐकले, तेथेच मानाचे पद! परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये लागला होता. त्यावरचे खात्रीचे औषध यावयास मात्र आणखी साठ वर्षे जावयाची होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण कोल्हापुरात रुजू होणे घडले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे विसावली.

व्यवहारी माणूस जमाखर्च मांडून विचारील, एवढ्या खटाटोपातून मिळाले काय? दवाखाना थाटला नाही, कोल्हापुरातील एकही बाळंतीण त्यांच्या हातून सुटली नाही. पण काही जमा अशी असते की ती पुढच्यांच्या खात्यावर दिसते. १८८६ मध्येच मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, बंगालमध्ये कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या, आणि १८९० च्या दशकात डॉ. रखमाबाई इंग्लंडहून शिकून येऊन सुरतेत रुग्णसेवा करू लागल्या. मुलगी डॉक्टर होऊ शकते, हा प्रश्न मराठी घरांपुरता आनंदीबाईंनीच निकालात काढला होता.

आज घरात सून गर्भवती असली की तपासणीची तारीख आपण दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो आणि लेडी डॉक्टर आहे ना, एवढे सहज विचारतो. त्या सहज विचारण्यामागे एका कोवळ्या मातेचे दुःख आणि तिचा निश्चय उभा आहे. ती तारीख न चुकविणे आणि शिकू पाहणाऱ्या मुलीची वाट न अडविणे, हेच त्या पुण्यस्मृतीस खरे अभिवादन होय.